निद्रिस्तांच्या दातांविषयी: सार्वजनिक आरोग्य मंत्री यांस खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



आपल्या खात्याच्या दप्तरी जे विषय येऊन पडतात त्यांतील बहुतेक आपला गलबला आपणच करीत येतात. साथीचा ताप आला की वर्तमानपत्रे बोलू लागतात, रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या की नातेवाईक दाराशी येऊन उभे राहतात, आणि औषधांचा तुटवडा पडला की विधिमंडळात प्रश्न उपस्थित होतो. ज्या विषयासंबंधी मी आपणांस जाहीररीत्या लिहीत आहे त्याची फिर्याद मात्र आपल्याकडे कधी आली नसेल, व पुढेही येण्याचा संभव थोडाच. कारण ज्याच्या जबड्याकडून ते कृत्य घडते तो त्या वेळी निद्रिस्त असतो, आणि ज्याच्या कानी ते पडते तो ही घरातली किरकोळ बाब समजून कूस बदलतो. झोपेत दात खाणे हा तो विषय होय. तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालविण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि आता निवृत्तीत, हातातली अवजारे खाली ठेवल्यावर, जे त्या खुर्चीपाशी उभे राहून पुनःपुन्हा दिसले ते अधिकाराच्या जागी कळवावे असे मनाने घेतले. माझी मागणी मोठ्या तरतुदीची नाही. आपल्या खात्याच्या छापील तक्त्यांत दोन-तीन प्रश्नांची भर पडावी आणि ते प्रश्न योग्य माणसास विचारले जावेत, एवढीच मुख्य दरखास्त आहे. परंतु तो योग्य माणूस कोण हे पटवून देण्यासाठी मला थोडे लांबून यावे लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

दवाखान्यात येणारा रोगी 'मी रात्री दात खातो' असे सांगत सहसा येत नाही. तो सांगतो की गार पाणी दाढांना झोंबते. नुकतीच सिमेंट भरलेली दाढ पुन्हा फुटली. सकाळी उठताना कानशिले ठणकतात, न्याहारीच्या वेळी जबडा आखडलेला असतो आणि दहा-अकरा वाजेपर्यंत तो आपोआप मोकळा होतो. पुष्कळांनी त्यापूर्वी डोळे तपासून चष्मा बदललेला असतो, काहींनी कानाच्या डॉक्टरांचा उंबरठा झिजविलेला असतो. तोंड उघडून पाहावे तो सुळ्यांची टोके नाहीशी झालेली, पुढच्या दातांच्या कडा झिजून एका रेषेत आलेल्या, दाढांवरचे उंचवटे सपाट होऊन मधूनमधून आतला पिवळसर थर उघडा पडलेला, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, आणि गालाच्या आतल्या बाजूस, दात मिटतात त्या पातळीवर, एक पांढरी रेघ. गालावर बोटे ठेवून दात आवळावयास सांगितले तर चर्वणाचा स्नायू अपेक्षेहून पुष्कळच मोठा व टणक लागतो. अशा वेळी रोग्यास विचारावे तर तो साफ इन्कार करतो, आणि मग खुर्चीच्या मागे पिशवी सावरून उभी असलेली त्याची पत्नी पुढे होऊन म्हणते, "डॉक्टर, यांचं काय ऐकता? हे रात्री दात खातात ते पलीकडच्या खोलीत सासूबाईंना ऐकू जातं." त्यावर यजमानांचे उत्तर ठरलेले असते: "काहीतरीच सांगते ही! मग मला कसं कधी ऐकू आलं नाही?"

या घरगुती वादात सारा प्रश्न सामावलेला आहे. ज्या विकाराची वार्ता खुद्द दुखणाइताला सर्वांत शेवटी कळते, त्याची कैफियत त्याच्याच तोंडून ऐकण्याची अपेक्षा धरणारी आपली नित्याची वैद्यकीय पद्धत, म्हणजे तो केसपेपर, ते नाव-गाव-वय, तो 'काय होतंय?' हा सवाल आणि त्याचे उत्तर टिपून घेणारा लगबगीचा हात, ही सगळी येथे पांगळी ठरते. येथे साक्ष घ्यावयाची ती शेजारी निजणाऱ्याची: पत्नीची, पतीची, आईची, वसतिगृहातल्या सोबत्याची. शास्त्रानेही हे क्रमाने मान्य केले आहे. या विषयातील निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी २०१३ साली आणि पुन्हा २०१८ साली सहमतीने जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात निदानाच्या तीन पायऱ्या ठरविल्या. नुसत्या सांगण्यावरून शंका घेतली तर ते शक्य, तोंडातील खुणांनी तिला पुष्टी मिळाली तर संभाव्य, आणि रात्रभर यंत्रे लावून स्नायूंचे आलेख घेतले तर निश्चित. तिसऱ्या पायरीसाठी लागणाऱ्या निद्रा-प्रयोगशाळा मोठ्या शहरांतच आहेत आणि तेथील एका रात्रीचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. पण बहुसंख्य रोग्यांना त्या पायरीपर्यंत चढण्याचे कारणच पडत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांना एक साक्षीदार आणि एक आरसा पुरतो.

ज्याला साक्षीदार नाही त्याची अडचण निराळी. पुण्याच्या पेठांत स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करीत खोली घेऊन राहणारा तरुण, बदलीच्या गावी एकटा राहणारा कर्मचारी, जोडीदार निवर्तल्यावर मागे उरलेली वृद्ध माणसे, यांचे दात रात्री काय करतात हे सांगणारे कोणी नसते. यांनी उशाशी भ्रमणध्वनी ठेवून चार-सहा रात्रींचा आवाज मुद्रित करून घेतला तर तोही दाखला म्हणून चालतो. एक गोष्ट मात्र ध्यानी ठेवली पाहिजे. कित्येक जण दात घासत नाहीत, नुसते आवळून धरतात. त्यात यत्किंचित आवाज होत नाही आणि शेजारी निजणाराही बेखबर राहतो. तेथे सकाळचा आखडलेला जबडा आणि जिभेवरचे ठसे एवढीच साक्ष उरते.

हे घडते कसे याविषयीच्या पूर्वीच्या समजुतीत आणि आजच्या ज्ञानात बरेच अंतर पडले आहे. माँट्रियाल विद्यापीठात जील लाविन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्रिस्त माणसांच्या मेंदूचे, हृदयाचे व जबड्याच्या स्नायूंचे आलेख एकाच वेळी घेऊन जो क्रम उलगडला तो मोठा उद्बोधक आहे. दात घासले जाण्याच्या काही मिनिटे आधी हृदयावरील अनुकंपी मज्जातंतूंचा प्रभाव वाढू लागतो. सुमारे चार सेकंद आधी मेंदूच्या लहरी वेगवान होतात. एखादा सेकंद उरला असता नाडी जलद होते. मग जबडा उघडणारे स्नायू ताठरतात, आणि सर्वांच्या शेवटी जबडा मिटणारे स्नायू लयीत आकुंचन पावू लागतात. म्हणजे झोप सावध होण्याच्या काठाशी क्षणभर येऊन परत फिरते, आणि त्या येण्याजाण्यात जबडा हलतो. यांतील बहुतेक प्रसंग उथळ झोपेतले असतात. इतकेच नव्हे, तर ज्यांना हा विकार मुळीच नाही अशा दहांपैकी साधारणतः सहा माणसांच्या जबड्याचे स्नायूही झोपेत मधूनमधून अशी लयबद्ध हालचाल करतात. दात खाणाऱ्यांत ती सुमारे तिपटीने अधिक वेळा होते आणि तिच्यात दात एकमेकांवर घासले जातात, एवढाच भेद. जपानात झालेल्या एका मोजणीत तर झोपेतील चावण्याचा जोर काही जणांच्या बाबतीत त्यांच्या जागेपणीच्या कमाल जोराहूनही अधिक भरला. जागेपणी दुखू लागले की आपण थांबतो; झोपेत ती आडकाठी राहत नाही.

यावरून आपण असा ग्रह करून घेऊ नये की मी एका नव्या महाव्याधीची दवंडी पिटावयास निघालो आहे. वर सांगितलेल्या २०१८ च्या मसुद्यातच स्पष्ट म्हटले आहे की अन्यथा निरोगी असलेल्या माणसात झोपेतील दात खाणे हा स्वतंत्र रोग मानू नये. ती एक स्नायूंची क्रिया आहे, आणि ती कोणास अपाय करते, कोणास करीत नाही. कॅनडात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत प्रौढांपैकी ८ टक्क्यांनी आपण झोपेत दात खातो असे सांगितले होते. तरुणांत हे प्रमाण अधिक, साठीच्या पुढे अवघे ३ टक्के. या सर्वांना उपचार हवेत असे मुळीच नाही. ज्यांचे दात झिजत वा तडकत आहेत, ज्यांचा जबडा दुखतो, किंवा ज्यांचे दात खाणे हे दुसऱ्याच एखाद्या दडलेल्या विकाराची वर्दी देत आहे, एवढ्यांना वेळीच ओळखून काढणे हा खरा मुद्दा आहे. दातावरचे कवच एकदा झिजले की पुन्हा उगवत नाही. त्यामुळे उशीर झाला तर भरून देता येते ते सिमेंटने आणि चांदीने, निसर्गाने नव्हे.

आता मुलांकडे वळतो, कारण आपल्या खात्याचा या विषयाशी जो काही संबंध आज येतो तो मुलांच्या द्वारे, आणि तोही एका गैरसमजातून. मूल झोपेत दात खाऊ लागले की आपल्याकडे आजी निःशंकपणे सांगते, "जंत झालेत." मग आईने गूळ-साखर फार दिली म्हणून तिच्यावर ठपका येतो, वावडिंगाचा काढा होतो, औषधाच्या दुकानातून जंतांचे औषध येते, आणि ते घेऊनही मुलाने दात खाण्याचे सोडले नाही तर तेच औषध पुन्हा दिले जाते. ही समजूत अडाणी म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही, तिला परंपरा आहे. ज्या पिढ्यांत घरोघरी मुलांना जंत होते आणि घरोघरी कोणी ना कोणी मूल दातही खात होते, त्या पिढ्यांना या दोन गोष्टींत कार्यकारणभाव दिसला यात नवल नाही. त्याहीपूर्वी माधवनिदानाने बालग्रहांच्या लक्षणांत दात खाण्याची गणना केली होती, म्हणजे जंतांच्या आधी हा आरोप ग्रहांच्या माथी होता. सूतकृमींमुळे रात्री गुदद्वाराशी कंड सुटून मुलाची झोप चाळवते हेही खरे. परंतु दात खाणाऱ्या मुलास जंत असलेच पाहिजेत असा पुरावा आजवरच्या अभ्यासांतून उभा राहिलेला नाही. जंतांची गोळी वाईट असे मी म्हणत नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलांच्या रक्तासाठी व वाढीसाठी अवश्य घ्यावी. माझा आक्षेप त्या गोळीने मिळणाऱ्या खोट्या समाधानावर आहे.

त्या समाधानाची किंमत पुष्कळदा मुलाचा श्वास मोजतो. जे मूल रात्री दात खाते तेच कित्येकदा तोंड उघडे टाकून झोपते, घोरते, घामाघूम होते, उशीवरून मान मागे टाकून निजते, आणि दिवसा वर्गात पेंगते नाही तर उगीच चिडचिड करते. अशा मुलाच्या घशात पाहिले तर टॉन्सिलच्या गाठी सुजून एकमेकींना टेकू पाहत असतात आणि नाकाच्या मागच्या गाठीही वाढलेल्या असतात. रात्री वाट अडते, झोप वारंवार चाळवते आणि त्या प्रत्येक चाळवण्यासरशी जबडा हलतो. ब्राझीलमध्ये झालेल्या एका अभ्यासात अशा गाठी काढून टाकल्यावर दात खाणाऱ्या मुलांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटलेले आढळले. अर्थात दात खाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गाठी काढण्याची टूम निघाली तर तो जंतांच्या गोळीहूनही मोठा अनर्थ होईल! बहुसंख्य मुलांत हे खाणे निरुपद्रवी असते, दुधाचे दात थोडे झिजतात, पक्के दात येता येता सवय आपोआप ओसरते, आणि वाढत्या जबड्यावर काही बसवू नये हेच बरे. म्हणून आईला 'जंत झालेत का?' या चिंतेतून सोडवून 'हा घोरतो का?' या प्रश्नाकडे वळविले तर निम्मे काम झाले असे मी समजतो.

मोठ्या माणसांत कारणांचा गुंता अधिक. चिंतेचा वाटा आहेच, पण घरचे लोक समजतात तितका एकटा चिंतेचा नाही. फिनलंडमधील जुळ्यांच्या अभ्यासात या प्रवृत्तीचा निम्म्याच्या आसपास भाग अनुवंशाकडे गेलेला दिसतो, आणि 'याचे वडीलही असेच दात खात' हे वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकत आलो आहे. रात्रीचे मद्य, संध्याकाळनंतरचा कडक चहा आणि तंबाखू ही तिन्ही या खाण्याला चेव आणतात. धूम्रपान करणाऱ्यांत त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले आहे. नैराश्यावरील फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारख्या काही औषधांनीही ते सुरू होते किंवा वाढते. परंतु एवढ्यावरून रोग्याने स्वतःच्या मताने ते औषध बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांस सांगावे, म्हणजे ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. घोरता घोरता श्वास थांबणे, ज्याला आता लोकही स्लीप अ‍ॅप्निया म्हणू लागले आहेत, ते मोठ्यांतही या खाण्यामागे असू शकते, आणि दात झिजण्यापेक्षा ते हृदयाच्या दृष्टीने कितीतरी गंभीर असते.

आपल्या प्रांतातील तोंडे तपासताना एक विशेष दक्षता घ्यावी लागते, ती पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. मिश्रीने दात घासणाऱ्या बाईचे दात हिरडीलगत बाहेरून खचतात. वर्षानुवर्षे सुपारी व गुटखा चघळणाऱ्याच्या दाढा वरून झिजून सपाट होतात, त्यांवर डाग बसतात आणि तोंड उघडणेही आखडते. आम्लपित्ताच्या जुनाट रोग्याच्या वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू विरघळून गुळगुळीत झालेली असते. राज्यात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, तरी या तोंडांची संख्या घटलेली मला दिसली नाही, असो. झोपेत दात खाणाऱ्याच्या झिजेची ओळख अशी की खालचा जबडा एका बाजूस सरकविला असता वरच्या व खालच्या दातांवरचे झिजलेले पृष्ठभाग एकमेकांवर तंतोतंत बसतात. यांतील भेद न करता प्रत्येक झिजलेल्या दाताचे खापर रात्रीच्या खाण्यावर फोडणारा दंतवैद्य आणि प्रत्येक खापर सुपारीवर फोडणारा, दोघेही सारखेच चुकतात.

आमच्या व्यवसायानेही या बाबतीत कमी कसूर केलेली नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील सिगर्ड रामफ्योर्ड यांनी १९६१ साली स्नायूंच्या आलेखांवर आधारलेला जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावरून वरचे-खालचे दात नीट न जुळणे हेच या खाण्याचे मूळ कारण असा सिद्धांत दंतवैद्यकात बराच काळ नांदला, आणि तो प्रमाण मानून जगभर असंख्य निरोगी दात 'जुळवून' देण्यासाठी कानशीने घासले गेले. क्रियेचा प्रारंभ मेंदूत व हृदयात होतो आणि दात शेवटी येतात, हे कळल्यावर तो पाया ढासळला. तरीही झोपेत दात खातो म्हणून चांगली दाढ घासून घेऊन आलेला रोगी आजदेखील अधूनमधून भेटतो. घासलेले दात परत येत नाहीत, म्हणून या कारणासाठी निरोगी दात घासू नयेत असा स्पष्ट खुलासा आपल्या खात्याने दंतवैद्यांसाठी काढावा, अशी माझी पोटमागणी आहे. जबड्याच्या स्नायूत बोट्युलिनमची सुई टोचून घेण्याचीही आता शहरांत टूम आहे. तिने आवळण्याचा जोर तीन-चार महिने उणावतो, पण झोपेतल्या प्रसंगांची संख्या घटते असे दिसत नाही, आणि लग्नाच्या छायाचित्रांत चेहरा निमुळता दिसावा म्हणून ती घेणाऱ्यांचा विषय या पत्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

मग उपाय कोणता? रामफ्योर्ड व त्यांचे सहकारी मेजर अ‍ॅश यांच्याच नावाशी जोडलेली एक वस्तू मात्र काळाच्या कसोटीला उतरली: रात्री एका जबड्यावर चढवावयाचे, कठीण अ‍ॅक्रिलिकचे, सर्व दात झाकणारे आवरण, ज्याला रोगी व वैद्य दोघेही नाइट गार्ड म्हणतात. तोंडाचे माप घ्यावे, त्यावरून साचा ओतावा, साच्यावर अ‍ॅक्रिलिक शिजवावे, आणि मग रोग्याच्या तोंडात बसवून, समोरचे सर्व दात त्यावर एकाच वेळी टेकेपर्यंत ते पुनःपुन्हा घासून जुळवावे, अशी ही कृती. त्याने काय साधते याविषयी मात्र रोग्यास प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कॉक्रेन संस्थेने २००७ साली सर्व उपलब्ध पुरावा चाळून, या आवरणाने झोपेतले दात खाणे थांबते असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही असा निर्वाळा दिला. खाणे चालूच राहते, झिजते ते अ‍ॅक्रिलिक, दात वाचतात. मला एवढे पुरे वाटते. दुकानात मिळणारी मऊ, आयती आवरणे मात्र टाळलेली बरी, कारण काहींच्या बाबतीत मऊ वस्तू तोंडात आल्याने आवळणे उलट वाढते, आणि निम्मेच दात झाकणारी आवरणे दीर्घकाळ वापरल्यास उघडे राहिलेले दात जागा सोडतात. घोरणाऱ्या रोग्यास चौकशीविना वरच्या जबड्याचे आवरण देऊ नये, कारण काहींच्या बाबतीत त्याने श्वासाचा अडथळा वाढलेला आढळला आहे. आवरण रोज सकाळी साबण व गार पाण्याने धुवावे. उकळत्या पाण्यात टाकले की ते वाकडे होते.

घरच्या घरी करण्याजोग्या गोष्टी थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. दिवसा ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकलेली, ही जबड्याची नैसर्गिक विश्रांतीची स्थिती होय. बोलणे व जेवणे धरून माणसाचे दात चोवीस तासांत एकमेकांना टेकतात तो काळ एका जुन्या मोजणीनुसार वीस मिनिटांच्या आतच भरतो. लिहिताना, वाहन हाकताना, पडद्याकडे टक लावून बसलेले असताना दात आवळले जात आहेत असे ध्यानी आले की ते सोडावेत. संध्याकाळनंतर चहा नको, निजण्यापूर्वी मद्य नको, तंबाखू तर केव्हाच नको. सकाळी जबडा दुखत असल्यास गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक घ्यावा. याहून अधिक घरगुती इलाज मला ठाऊक नाहीत.

आता दरखास्तीचा तपशील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासतात. त्यांच्या तक्त्यात दातांची कीड आहे, निद्रेविषयी अवाक्षर नाही. त्या तक्त्यात दातांच्या ओळीपाशी 'मूल झोपेत दात खाते का? घोरते का? तोंड उघडे टाकून निजते का?' एवढे जोडावे, आणि तिन्हींस होकार मिळाल्यास मुलाची रवानगी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे करावी. पथकातील वैद्य बहुधा आयुष शाखेचे असतात, त्यांतील कित्येकांनी माधवनिदान पाठ केलेले असते. जंतांची व ग्रहांची समजूत आईला न दुखविता दूर करण्यास त्यांच्याहून योग्य कोणी सापडणार नाही. जंतनाशक दिनाच्या वेळी आशाताईंना देण्याच्या सूचनांतही या अर्थाची एक ओळ सहज मावेल. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांच्या दंत विभागांत केसपेपरवर आणखी एक रकाना असावा, आणि त्याचे उत्तर रोग्याने न देता सोबत आलेल्या माणसाने द्यावे, असे त्यावरच छापलेले असावे.

नाइट गार्डाची गोष्ट थोडी कठीण आहे हे मी जाणतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले, ही थोर गोष्ट होय. पण खाजगी दवाखान्यात कित्येक हजारांना पडणारे हे आवरण तेथे मिळावयाचे तर साहित्याहून अधिक गरज आहे ती ते बनविणाऱ्या तंत्रज्ञाची, कारण अ‍ॅक्रिलिक स्वस्त आहे आणि कुशल हात दुर्मीळ. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते हात आहेत. परंतु ती महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण खात्याच्या अंमलाखाली येतात, आणि जिल्हा रुग्णालयात घेतलेले माप तेथे धाडून तयार आवरण परत आणण्यासाठी दोन खात्यांत पत्रव्यवहार व्हावा लागेल. असे पत्रव्यवहार किती काळ चालतात याचा मला अनुभव आहे, म्हणून ही मागणी मी शेवटी ठेवली. प्रश्नांची भर घालण्यास मात्र दुसऱ्या कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

त्यातही एक व्यावहारिक अडचण येईल, तिची सूचना आधीच देऊन ठेवतो. अंगणवाडीत आई जवळच असते, तिला विचारता येते. शाळेतील तपासणीच्या दिवशी ती हजर नसते, म्हणून तेथे आदल्या दिवशी मुलाच्या वहीतून चिठ्ठी घरी जावी आणि उत्तर भरून परत यावी. पालघर, नाशिक, गडचिरोली या जिल्ह्यांतील आश्रमशाळांत राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र तीही सोय नाही. तेथे आई दूर पाड्यावर, आणि अधीक्षक वा अधीक्षिका रात्री निराळ्या खोलीत. तेथे प्रश्न शेजारच्या अंथरुणावर निजणाऱ्या मुलास विचारावा. आपल्या पथकातील मोठ्या माणसांना हे पोरकट वाटेल, पण कोण घोरतो, कोण दात खातो आणि कोण झोपेत बोलतो हे त्या दालनातील प्रत्येक मुलास तोंडपाठ असते, आणि विचारले तर ते हसत हसत सगळे सांगून टाकते.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दंतवैद्य